भवानी तुम्ही करा: मराठी गेमर मंडळींना खुलं पत्र

प्रति,
स्टीम या ऑनलाइन दुकानातून कंप्यूटर गेम विकत घेणाऱ्या, मन लावून खेळणाऱ्या आणि खेळून झाल्यावर एक ओळही न लिहिणाऱ्या तमाम मराठी गेमर मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

सांगलीच्या मंडईत सकाळी लवकर गेलात तर एक गोष्ट दिसेल. पहिल्या गिऱ्हाइकाशी भाजीवाल्या मावशी फार घासाघीस करत नाहीत. "घ्या दादा, भवानीची वेळ आहे" म्हणतात, दोन रुपये सोडतात आणि मिळालेली नोट कपाळाला लावून मगच गल्ल्यात टाकतात. लहानपणी मला ती नुसती श्रद्धा वाटायची. आता वाटतं, त्यात पक्का धंदा आहे. ज्या टोपलीपुढे कुणी उभं नाही तिथे कुणी थांबत नाही. एक जण वाकून मेथीची जुडी उलटीपालटी करायला लागला की मागून दोघं येतात. ऑनलाइन दुकानातल्या गेमचं आणि त्याच्या पहिल्या रिव्ह्यूंचंही तसंच आहे.

आधीच सांगून टाकतो, मी तटस्थ नाही. दिवसा मी हिशेबाची सॉफ्टवेअरं लिहितो आणि रात्री गेम बनवतो. मामेभाऊ पुण्यात असतो, तो चित्रं काढतो. तीन वर्षं खपून आम्ही दोघांनी एक छोटा गेम केला, एका एसटी कंडक्टरचा. नाव देणार नाही, नाहीतर पत्राची जाहिरात होईल. कुठल्या ऑनलाइन दुकानात लावला तेही सांगत नाही, कारण माझी तक्रार दुकानाबद्दल नाही. थोडी स्वतःबद्दल आहे, बरीचशी तुमच्याबद्दल.

श्रावणातल्या एका गुरुवारी रात्री साडेदहाला रिलीजचं बटण दाबलं. मामेभाऊ त्यासाठी मुद्दाम सांगलीला आला होता, येताना पेढे घेऊन. पाऊण तासाने पहिला रिव्ह्यू आला. अंगठा खाली. मजकूर तीन शब्दांचा: "सेव्ह होत नाही." बाराच्या सुमारास दुसरा आला, तोही अंगठा खाली, पण जरा सविस्तर. चाळीस मिनिटं खेळलो, बंद करून उघडला तर पुन्हा पहिल्याच थांब्यावर. या भल्या माणसाने आमच्या चर्चेच्या पानावर स्क्रीनशॉटही टाकला होता. त्यात सेव्ह फाइलच्या फोल्डरचा पत्ता दिसत होता, आणि पत्त्याच्या मधोमध विंडोजच्या यूजरचं नाव: आबा. देवनागरीत.

पहाटे तीनला उलगडा झाला. पत्त्यात फक्त इंग्रजी अक्षरं येणार असं धरून मी तीन वर्षांपूर्वी चार ओळी लिहिल्या होत्या. "आबा" दिसताच त्या ओळी गपचूप आपटत होत्या, चुकीचा संदेशही न देता. मराठी माणसाने मराठी कंडक्टरवर बनवलेला गेम, आणि तो नेमका मराठीत नाव लिहिणाऱ्याच्याच कंप्यूटरवर चालेना. चूक शंभर टक्के माझी. साडेचारला पॅच, म्हणजे दुरुस्तीचं ठिगळ, गेला. पेढ्यांच्या खोक्याचा दोरा तोवर सुटलाही नव्हता.

पॅच गेला, पण ते दोन रिव्ह्यू तसेच राहिले. त्या दोघांवर राग नाही, त्यांनी खरं तेच लिहिलं होतं. पुढच्या दहा-अकरा दिवसांत आणखी आठ आले. त्यातले सहा चांगले होते. एकाने लिहिलं, दोनच तासांत संपला. रास्त आहे. एकाने विचारलं, बस का चालवता येत नाही? त्याला काय सांगणार, कंडक्टर आहे तो. सहा वर, चार खाली. दहाव्या रिव्ह्यूबरोबर आमच्या गेमच्या नावाखाली एक शब्द उमटला: "मिक्स्ड". रोज वीस-बावीस प्रती जात होत्या, त्या आठवड्याभरात तीन-चारावर आल्या. पहिल्या आठवड्यानंतर विक्री उतरतेच, हे मलाही कळतं. पण उतरणं आणि घसरगुंडी यातला फरकही कळतो.

आता तुमच्याकडे येतो. याच अकरा दिवसांत माझ्या व्हॉट्सॲपवर चाळीसच्या वर मेसेज होते. "भावा, जबरदस्त." "एसटी स्टँडवरची ती अनाउन्समेंट ऐकून हसून मेलो." "आईला दाखवला, ती म्हणाली सेम तुझ्या आजोबांची पेटी." या लोकांनी गेम रोख पैसे देऊन घेतला होता. खेळला होता, आवडला होता, आणि ते मला कळवायला त्यांनी वेळही काढला होता. फक्त जिथे लिहायचं तिथे लिहिलं नव्हतं. मी संकोचाने दोघातिघांना म्हटलं, जरा तिकडे टाका ना. उत्तर ठरलेलं: "अरे हो, टाकतो की, त्यात काय एवढं."

त्यात काय एवढं, ते सांगतो. उदाहरण स्टीमचं घेतो, कारण ते सगळ्यांना माहीत आहे आणि तिथले नियम उघड आहेत.

स्टीमवर दहा रिव्ह्यू होईपर्यंत गेमला कसलाच शेरा मिळत नाही, नुसता आकडा दिसतो. दहा झाले की शेरा लागतो. ८० टक्के लोकांनी अंगठा वर केला असेल तर "पॉझिटिव्ह", आणि रिव्ह्यू ५० च्या वर गेले की त्याचंच "व्हेरी पॉझिटिव्ह". ९५ टक्के आणि ५०० रिव्ह्यू जमले तर "ओव्हरव्हेल्मिंगली पॉझिटिव्ह", म्हणजे थेट मेरिट लिस्ट. ७० ते ७९ म्हणजे "मोस्टली पॉझिटिव्ह". आणि ४० पासून ६९ पर्यंत सगळे एकाच पोत्यात: "मिक्स्ड". आपल्याकडे दहावीला ६९ टक्के पडले तर फर्स्ट क्लास म्हणून गल्लीत पेढे वाटतात. इथे तुम्ही ४१ टक्केवाल्याच्या मांडीला मांडी लावून बसता. सत्तरच्या वरच्यांचा शेरा निळ्या अक्षरांत येतो, मिक्स्डचा मातकट पिवळ्या. दुकानात बोट सरकवत जाणारा माणूस शब्द वाचत नाही, रंग बघतो. मीही तेच करतो.

दहा हा आकडा किती लहान आहे हे स्वयंपाकघरात करून बघितलं. पत्नीच्या कपाळावर आठ्या होत्या, पण तिने बरणी दिली. ८० काबुली चणे आणि २० काळे, एकत्र मिसळले. हा झाला असा गेम, जो शंभरातल्या ऐंशी लोकांना आवडतो. चांगला गेम आहे की हो. आता न बघता एक दाणा काढायचा, नोंद करायची, परत टाकायचा, बरणी हलवायची. दहा वेळा केलं की एका गेमचे पहिले दहा रिव्ह्यू झाले. असे मी चाळीस गेम "रिलीज" केले. पाच वेळा पांढरे दाणे सहा किंवा त्याहून कमी निघाले. म्हणजे तीच बरणी, तेच चणे, आणि चाळीसातले पाच गेम मिक्स्ड. नंतर कागदावर गणित मांडलं तर उत्तर १२ टक्क्यांच्या आसपास येतं, आठात एक. आठ पांढरे दाणे न निघण्याची, म्हणजे "पॉझिटिव्ह" शेरा न मिळण्याची शक्यता तर जवळजवळ एक तृतीयांश. यात गेमचा दोष शून्य, खेळणाऱ्यांचाही शून्य. नुसता हात कुठे पडला त्याचा खेळ. शंभर-दोनशे दाणे काढले तर बरणी आपलं खरं रूप दाखवतेच. पण शंभर दाणे काढायला लोक थांबायला तर हवेत.

आणि लोक लिहितात किती? धंद्यातली मंडळी कुठल्याही गेमच्या रिव्ह्यूंच्या आकड्याला तिसापासून साठपर्यंत कशाने तरी गुणतात आणि खपाचा ढोबळ अंदाज बांधतात. म्हणजे तीस-साठ गिऱ्हाइकांमागे एक लिहिणारा. मोठ्या कंपनीला पहिले दहा रिव्ह्यू चहा थंड व्हायच्या आत मिळतात. आमच्यासारख्याला दहासाठी तीनशे ते सहाशे प्रती विकाव्या लागतात. बरेच छोटे गेम तिथवर पोचतही नाहीत. २०१७ पासून शंभर डॉलर भरून कुणीही स्टीमवर गेम लावू शकतो, हे आमच्यासारख्यांवर उपकारच आहेत. पण त्यामुळे २०२४ या एका वर्षात तिथे १८ हजारांहून जास्त गेम आले. दिवसाला पन्नासच्या घरात. अशाच गर्दीत आमचा कंडक्टर एक.

तुमच्यातला कुणी चतुर म्हणेल, पण स्टीम चालवणाऱ्या खुद्द वाल्व्ह कंपनीनेच गेम बनवणाऱ्यांना सांगितलंय की कुणाला कुठला गेम दाखवायचा हे ठरवणारं आमचं यंत्र रिव्ह्यूच्या टक्केवारीवर गेम वरखाली करत नाही. बरोबर आहे. शेरा ४० टक्क्यांच्या खाली गेला तर गोष्ट वेगळी, एरवी ७५ आणि ९० त्यांच्या यंत्राला सारखेच, असंच त्यांचं म्हणणं आहे. यंत्र बघतं ते लोक काय विकत घेतायत आणि कशात रमतायत ते. मी यावर विश्वास ठेवतो. पण मातकट शेरा बघून जो माणूस पुढे गेला, त्याने विकत घेतलं नाही. त्याने घेतलं नाही हे यंत्राने बघितलं. मग यंत्राने तो गेम पुढच्याला दाखवणं कमी केलं. यंत्राने रिव्ह्यू वाचला नाही हे खरंच, पण रिव्ह्यू वाचलेल्या माणसाला वाचलं. आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, तसला प्रकार.

मराठी सिनेमावाल्यांना हे समजावून सांगायला नको. शुक्रवारी दुपारी बाराचा एकच शो, थिएटर रिकामं, म्हणून सोमवारी तोही शो गेला. नंतर रविवारी कुणीतरी विचारतं, "अरे, तो लागलाय ना कुठे? ऐकलं चांगला आहे म्हणून." तोवर पोस्टर उतरलेलं असतं.

"चांगलं असेल ते वर येतंच" असं म्हणणाऱ्यांसाठी एक प्रयोग सांगतो. सॅल्गॅनिक, डॉड्स आणि वॉट्स या तिघा संशोधकांनी तो केला, २००६ साली 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला. १४ हजारांहून जास्त लोकांना अनोळखी बँडची ४८ गाणी ऐकायला दिली. काहींना नुसती गाणी. बाकीच्यांचे आठ वेगळे गट केले आणि प्रत्येक गटात, आपल्या आधीच्यांनी कुठलं गाणं किती वेळा उतरवून घेतलं तो आकडा दाखवला. सगळे गट शून्यापासून सुरू झाले, गाणी तीच. आठ गटांत आठ तऱ्हेचे निकाल लागले. एका गटात अव्वल आलेलं गाणं दुसऱ्यात कुठल्या कुठे. फार चांगली गाणी सहसा बुडाली नाहीत, फार वाईट सहसा चालली नाहीत. मधल्यांचं मात्र काहीही होऊ शकत होतं. आणि आपण बहुतेक सगळे मधलेच असतो हो. आमचा कंडक्टर नक्कीच मधला आहे.

दुसरा एक प्रयोग २०१३ साली त्याच नियतकालिकात आला. बातम्यांच्या एका साइटवर लोकांच्या प्रतिक्रियांना संशोधकांनी गुपचूप एकच खोटं वरचं मत दिलं. तेवढ्यावर त्या प्रतिक्रियांची अखेरची बेरीज सरासरी २५ टक्क्यांनी वाढली. खोटं खालचं मत दिलं तेव्हा मात्र मागून आलेल्यांनी ते भरून काढलं. हे वाचून मला आधी बरं वाटलं, म्हटलं जग एवढं वाईट नाही. मग लक्षात आलं, प्रतिक्रियेला मत द्यायला पैसे पडत नाहीत. आमच्यावरचा खालचा अंगठा भरून काढायचा तर आधी २४९ रुपये देऊन गेम घ्यावा लागतो, आणि तो घेऊ नका असंच तर तो अंगठा सांगत असतो.

उशिरा नशीब उघडल्याच्या गोष्टी आहेत, लपवत नाही. 'अमंग अस' २०१८ साली आला आणि जगाला सापडला २०२० साली, सगळे घरात कोंडले गेल्यावर. 'नो मॅन्स स्काय'वर २०१६ साली लोक टीका करत तुटून पडले होते. बनवणाऱ्यांनी वर्षानुवर्षं फुकट अपडेट दिले, तेव्हा कुठे २०२४ च्या नोव्हेंबरात एकूण शेरा "व्हेरी पॉझिटिव्ह" झाला. आठ वर्षं. त्यांच्या पहिल्याच विक्रीत आठ वर्षं तग धरण्याइतके पैसे आले होते. माझ्या मामेभावाचा फ्लॅटचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जातो.

रागावलात की तुम्ही लिहिता, हे मी बघितलंय. २०१७ च्या एप्रिलमध्ये स्नॅपचॅटच्या मालकाच्या एका कथित विधानावरून देश पेटला, तेव्हा आपल्या मंडळींनी स्नॅपचॅटला एक-एक तारा दिलाच, आणि घाईघाईत बिचाऱ्या स्नॅपडीललाही दिला. २०२० च्या मे महिन्यात टिकटॉक आणि यूट्यूबवाल्यांच्या भांडणात टिकटॉकचं रेटिंग काही दिवसांत साडेचारावरून दीडच्याही खाली आलं, आणि गूगलला लाखो रिव्ह्यू काढून टाकावे लागले. राग नेहमी वायाच जातो असंही मी म्हणणार नाही. 'हेलडायव्हर्स २'चं उदाहरण ताजं आहे. २०२४ च्या मे महिन्यात सोनीने खेळाडूंवर आपलं खातं जोडायची सक्ती केली. पैसे देऊन घेतलेला गेम, आणि सोनीचं ते खातं कित्येक देशांत उघडताच येत नाही. दोन लाखांवर खाली वळलेले अंगठे जमले, आणि तीन-चार दिवसांत सोनीने निर्णय मागे घेतला. तिथे लिहिणं योग्यच होतं. माझं दुखणं एवढंच आहे की रागात सगळी गल्ली लिहिते आणि आवडल्यावर सगळी गल्ली झोपते. मग दुकानाच्या पाटीवर उरतो तो नुसता राग.

इथे दुसऱ्या टोकाची एक आठवण सांगतो, म्हणजे तुम्ही भलत्याच उत्साहाने मदतीला धावणार नाही. रिलीजच्या आधी मी घरच्यांना गेमच्या फुकट 'की', म्हणजे गेम उघडायचे कोड, वाटल्या होत्या. आत्याने आतेभावाकडून खातं उघडून घेतलं, गेम लावला, सहा मिनिटं खेळली आणि रिव्ह्यू लिहिला: "खूप छान बाळा, असाच मोठा हो. जेवणाकडे लक्ष दे." अंगठा वर. मी हसलो आणि डोळे पुसले. पण तो रिव्ह्यू शेऱ्याच्या हिशेबात धरला गेला नाही, आणि तेच योग्य आहे. स्टीमवर २०१६ पासून हाच नियम आहे. दुकानाबाहेरून मिळालेल्या कीवर खेळून लिहिलेला रिव्ह्यू पानावर दिसतो, पण टक्केवारीत मोजला जात नाही. कारण तोवर काही महाभाग फुकट की वाटून आपल्याच गेमचे गोडवे गाऊन घेत होते. पैसे, बक्षीस किंवा गेममधली एखादी वस्तू देऊन रिव्ह्यू मागायलाही बंदी आहे. तेव्हा न खेळता, न घेता, नुसतं "आपला मराठी माणूस" म्हणून अंगठा वर करू नका. हात जोडून सांगतो. त्याने आमची लाज जाते, आणि पुढच्या मराठी गेमच्या खऱ्या रिव्ह्यूवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' आठवतो ना? किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर पैसे जमले नाहीत, तरी त्या मंडळींनी जिद्दीने गेम पुरा केला. २०२० साली तो आला आणि त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या गटात नामांकनापर्यंत पोचला. आपल्यातल्या किती जणांनी तेव्हा अभिमानाने स्टेटस ठेवलं होतं! त्यातल्या किती जणांनी गेम घेतला, आणि घेतलेल्यांतल्या किती जणांनी दोन ओळी लिहिल्या, हा प्रश्न मी आधी स्वतःला विचारला. मी घेतला होता. पुरा खेळलो होतो. लिहिलं नव्हतं. आमचा गेम मिक्स्ड झाला त्या रात्री, दीड वाजता, जाऊन लिहिलं. तेव्हा तिथे माझ्या दोन ओळींची कुणाला गरज उरली नव्हती.

भाषेचं एक वेगळंच त्रांगडं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये स्टीमने भाषेप्रमाणे वेगळा शेरा दाखवायला सुरुवात केली. गेमचे एकूण २००० रिव्ह्यू असले आणि एखाद्या भाषेत निदान २०० असले, तर त्या भाषेच्या वाचकाला त्याच भाषेतल्या लोकांचा शेरा दिसतो. काही आठवड्यांतच 'सिल्कसाँग' हा गेम आला आणि याचा अर्थ सगळ्यांना कळला. जगभर कौतुक चाललेलं, आणि चिनी शेरा मात्र घसरलेला, कारण चिनी भाषांतर तिथल्या लोकांना अजिबात रुचलं नव्हतं. बनवणाऱ्यांना लगेच भाषांतराची दुरुस्ती हाती घ्यावी लागली. आपल्या भाषेत लिहिण्याचं वजन हे असं पडतं.

आणि आपण? रिव्ह्यू लिहिताना भाषा निवडायची जी यादी येते, तिच्यात थाई आहे, व्हिएतनामी आहे, हंगेरियन आहे. मराठी नाही. हिंदीसुद्धा नाही. नोव्हेंबर २०१५ पासून आपल्याकडून रुपयांत पैसे घेतात, पण मत मांडायला आपल्या भाषेचा खण नाही. आत्याचा "जेवणाकडे लक्ष दे" हा सल्ला तिथे इंग्रजी म्हणूनच नोंदला गेला असता. कुणी म्हणतं, मग इंग्रजीतच लिहा, जास्त लोक वाचतील. मला ते पटत नाही. इंग्रजीत लिहायचं म्हटलं की आपला माणूस वाक्य जुळवत बसतो, आणि मग राहूनच जातं. मराठीत लिहा. इंग्रजीच्या खणात मराठी मजकुराचे ढीग दिसले तर खण मागायला तोंड तरी राहील. अंगठा कुठल्याही भाषेत मोजला जातो.

काय लिहायचं, हा प्रश्नही येतो. "मला काही समीक्षा वगैरे जमत नाही." समीक्षा मागतंय कोण? आमच्या सहा चांगल्या रिव्ह्यूंपैकी सगळ्यात उपयोगी हा होता: "साडेतीन तास खेळलो. सुट्टे पैसे द्यायचा भाग धमाल आहे. शेवटचा घाट फार सोपा. जुन्या लॅपटॉपवर चालतो." चार वाक्यं. घेणाऱ्याला हवं ते सगळं त्यात आहे, आणि मला चिमटाही काढलाय. तो चिमटा वाचून आम्ही घाट अवघड केला.

आवडला नाही तर अंगठा खाली करा, खुशाल करा. दहा पेढ्यांत एक कडूलिंबाचं पान असलं तरच पेढे खरे वाटतात. फक्त काय बिघडलं ते लिहा, म्हणजे दुरुस्त करता येईल. चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर स्टीमवर पैसे परत मिळतात, तेही हक्काने घ्या. आणि एक मागणं आहे, ते जरा वेळखाऊ आहे. ज्या कारणासाठी अंगठा खाली केला होता ते कारण पुढे दूर झालं, तर परत येऊन रिव्ह्यू बदला. बदलता येतो. फार थोड्या लोकांना हे माहीत असतं, आणि माहीत असलेलेही परत येत नाहीत.

हे सगळं लवकर हवं. वर्षाने "मागे खेळलो होतो, भारी होता" म्हणून लिहिलंत तरी मी आभारच मानेन. पण रविवारी दुपारी मंडई उठल्यावर कुणी मेथी घ्यायला येत नाही.

मोबाइलवर खेळणाऱ्यांनी हे पत्र आपल्यासाठी नाही असं समजू नये, उलट संख्येने तुम्हीच जास्त. प्ले स्टोअरवर नोव्हेंबर २०२१ पासून रेटिंग देशाप्रमाणे वेगळं दिसतं. मिरजेत बसून दिलेले तारे ब्राझीलच्या माणसाला दिसणाऱ्या सरासरीत जात नाहीत. ते इस्लामपूरच्या पोराला दिसतात, परभणीच्या पोरीला दिसतात. एखाद्या पोराने एकट्याने बसून बनवलेला मराठी शब्दकोड्यांचा गेम तुम्ही रोज लोकलमध्ये खेळत असाल, तर कुर्ला ते दादर एवढ्या वेळात दोन ओळी होतात.

आमच्या गेमचं पुढे काय झालं हे विचाराल म्हणून सांगतो. सध्या ३१ रिव्ह्यू आहेत, २३ वर, ८ खाली. ७४ टक्के. गेल्या गणपतीत शेरा मातकटाचा निळा झाला. मामेभावाने स्क्रीनशॉट काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, त्याला सतरा अंगठे आले. सगळे व्हॉट्सॲपवर.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला नम्र,
एका कंडक्टरचा निर्माता
सांगली

ता. क. ज्यांच्या विंडोजमध्ये यूजरचं नाव देवनागरीत आहे त्यांनी गेम चालतो की नाही ते चर्चेच्या पानावर जरूर कळवा. "आबा" आणि "ऋतुजा" तपासून झालंय. "ज्ञानेश्वर" अजून कुणी सापडलेला नाही, आणि जोडाक्षरांचं मला अजूनही थोडं भय वाटतं.